‘तंबाखू घेता का?’ : एका सरकारी प्रश्नाचा इतिहास

बंगळूर शहराच्या पूर्व अंगाला महादेवपुरा हा भाग आहे. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापुराहून नोकरीसाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे व्हाइटफील्ड, हूडी, मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर या वस्त्यांमध्ये राहतात. आपण महादेवपुऱ्याचे रहिवासी आहोत, ही गोष्ट त्यांपैकी पुष्कळांना मालमत्ता कराची पावती हाती पडल्यावरच उमगते. (मारतहळ्ळी या नावात मराठ्यांचा संबंध आहे की तेथून जवळच बनलेल्या ‘मारुत’ विमानाचा, या विषयावर मराठी मंडळींत होणारी चर्चा मोठी रंजक असते. ती येथे बाजूला ठेवू.) याच भागातील एखाद्या माणसाने सिगारेट किंवा विडी सोडण्याचे मनावर घेतले, तर शासनाची स्थानिक आरोग्ययंत्रणा त्याला नेमकी कोणती मदत करते, आणि ती मदत आजच्या स्वरूपाला कशी येऊन पोहोचली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विषय वैद्यकीय वाटला तरी तो मुळात प्रशासनाचा आहे. धूम्रपान सोडविण्याच्या उपायांतील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक प्रश्न. सरकारी दवाखान्यात कोणत्याही कारणाने आलेल्या रुग्णाला ‘तंबाखू घेता का?’ असे विचारावयाचे, ‘हो’ म्हटल्यास ती सोडण्याविषयी दोन मिनिटे बोलावयाचे, आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल पुन्हा विचारावयाचे. हा प्रश्न कोणी विचारावा, कोठे विचारावा आणि उत्तर कोणत्या नोंदवहीत लिहावे, हे ठरण्यास आपल्या देशात फार काळ लागला. बंदी घालण्याचे काम मात्र आपण फार लवकर शिकलो.

तंबाखूच्या उत्तरेतील प्रसाराची सुरुवात दख्खनेतून झाली. अकबराचा दूत असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतताना, इसवी सन १६०४ च्या सुमारास, तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन गेला. बादशहाने तो ओढून पाहिला. त्यावर दरबारी हकिमांनी हरकत घेतली, कारण त्यांच्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख नव्हता. असद बेगने प्रतिवाद केला आणि दरबारात मोठा वाद झडला. अकबराला तिची गोडी लागली नाही. पण सरदारांना लागली आणि व्यापाऱ्यांनी ती विकावयास सुरुवात केली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूसेवनास मनाई करणारे फर्मान काढले. त्या फर्मानाचे काय झाले हे सांगावयास नको. ज्या विजापूरहून ही वस्तू उत्तरेत गेली, त्याच विजापूरच्या फौजेने १६३८ मध्ये बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हा या कथेत मराठी वाचकाला अगदीच परके वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतरची तीन शतके शासनाचा तंबाखूशी संबंध प्रामुख्याने महसुलाचा राहिला. १९१२ मध्ये बंगळूरला सिगारेटचा मोठा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात तंबाखू मंडळ स्थापन झाले आणि १९८४ पासून म्हैसूर भागातील तंबाखूचे लिलाव त्या मंडळाच्या देखरेखीखाली होऊ लागले. सीमाभागातील निपाणीचे नाव तर विडीच्या तंबाखूशी जोडलेलेच आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील तंबाखू उत्पादकांनी भावासाठी रस्ता अडविला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या हालांविषयी अनिल अवचटांनी लिहिले ते याच निपाणीचे. शासनाचे एक खाते पीक वाढविते, दुसरे त्यावर कर घेते, तिसरे त्याच्या रोग्यांवर उपचार करते. प्रत्येक खात्याचा वार्षिक अहवाल आपापल्या जागी निर्दोष असतो. आपल्या लेखाचा संबंध तिसऱ्या खात्याशी आहे.

या तिसऱ्या खात्याची आजची रचना ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी होते. ते डॉक्टर नव्हते, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली होती : अल्पकालीन योजनेत ४०,००० लोकवस्तीस एक केंद्र, आणि त्या एकाच छपराखाली रोगावर उपचार व रोगाचे निवारण ही दोन्ही कामे. तोपर्यंत दवाखाना एका खात्याचा आणि स्वच्छता, लसीकरण वगैरे दुसऱ्या खात्याचे, अशी विभागणी होती. भोर समितीने ती मोडण्याची शिफारस केली. खोकल्यासाठी आलेल्या माणसाला विडीबद्दल विचारणे हे उपचाराचे काम की निवारणाचे, असा प्रश्न उद्भवूच नये, अशी ती रचना होती. प्रत्यक्षात केंद्रे उभी राहिली ती कमी पैशांत, कमी माणसांत. आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे व साथरोगांचे कार्यक्रम यांतच त्यांचा बराचसा जीव गेला.

याच केंद्रांविषयी एक फार महत्त्वाचा धडा बंगळूरमध्ये मिळाला आणि तो क्षयरोगाच्या अभ्यासातून मिळाला. १९५९ मध्ये येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्यातील देबाबर बॅनर्जी आणि जागतिक आरोग्य संघटनेचे स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातील गावांत जाऊन क्षयाचे रोगी शोधले आणि त्यांना विचारले की, आपणास काय होते आहे हे ठाऊक होते काय, आणि ठाऊक असल्यास आपण काय केले? त्या काळच्या तज्ज्ञांची समजूत अशी होती की, खेड्यातला माणूस अज्ञानामुळे घरीच बसतो, म्हणून फिरती क्षकिरण पथके पाठवून त्याला हुडकून काढले पाहिजे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने ती समजूत खोडून काढली. बहुतेक सर्व रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. बहुतेकांना त्यांची काळजी वाटत होती. आणि निम्म्याहून अधिक रोगी स्वतःच्या पायांनी सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते.

शासकीय सेवेतील प्रत्येकाने हा अभ्यास एकदा तरी वाचावा असे मला वाटते. लोक येत नाहीत ही तक्रार आपण किती सहजपणे करतो! येथे लोक येऊन गेले होते. टेबलापलीकडच्या माणसाने योग्य प्रश्न विचारला नव्हता, एवढेच. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी या विचारावर झाली : वेगळी पथके नकोत, दारी आलेल्या खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासा. तंबाखूच्या बाबतीत हाच विचार लागू पडतो, हे ध्यानात यावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला. दुर्दैव असे की, हे दोन विषय एकाच माणसाच्या छातीत एकत्र नांदत होते. तामिळनाडूतील हजारो पुरुषांच्या मृत्यूंचा जो अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांच्या मृत्यूस धूम्रपान कारणीभूत असल्याचे अनुमान निघाले. म्हणजे क्षयाच्या गोळ्या देणारा कर्मचारी सहा महिने ज्या माणसाला नियमाने भेटत होता, त्याला विडीविषयी विचारणे हे त्याच्या कामाचा भाग मानलेच गेले नव्हते. क्षय आणि तंबाखू या दोन कार्यक्रमांची सांगड घालणारा राष्ट्रीय आराखडा २०१७ मध्ये आला.

दोन मिनिटांच्या सल्ल्याने कोणी व्यसन सोडते काय, अशी शंका वाचकांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. तिचे पहिले पद्धतशीर उत्तर लंडनमध्ये मिळाले. मायकेल रसेल यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २८ सामान्य डॉक्टरांनी दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या रुग्णांपैकी काहींना केवळ दोनएक मिनिटे सल्ला दिला, एक पत्रक दिले आणि पुढे पुन्हा चौकशी होईल असे बजावले. एका वर्षानंतर या गटातील पाच टक्क्यांनी धूम्रपान पूर्णतः सोडलेले होते. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. पाच टक्के हा आकडा ऐकून कोणीही नाक मुरडील. परंतु प्रशासनात आकड्याला खर्चाने भागावे लागते. ज्या उपायास इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, नवे पद निर्माण करावे लागत नाही, आणि जो प्रत्येक दवाखान्यात रोज करता येतो, त्याचे पाच टक्के हे मोठ्या रुग्णालयातील उत्तम विभागाच्या तीस टक्क्यांपेक्षा अधिक माणसे वाचवितात.

आपल्याकडे याच दिशेने काम झाले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. अणुविज्ञानासाठी ख्यात असलेल्या या संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन तोंडे तपासली. पुढे केरळातील एर्नाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि आंध्रातील श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखू घेणाऱ्या ३६,००० लोकांना वर्षानुवर्षे पुन:पुन्हा भेटून ती सोडण्याचा सल्ला देण्यात आला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सल्ला मिळालेल्यांमध्ये सोडणाऱ्यांचे व कमी करणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक होते, आणि तोंडातील कर्करोगपूर्व पांढरे चट्टे कमी झालेले होते. निरक्षर खेडूत व्यसन सोडणार नाही, ही दुसरी समजूत येथे निकालात निघाली.

महादेवपुऱ्याच्या दृष्टीने तर त्याहून जवळचे उदाहरण आहे. के. आर. पुरमवरून जाणारा जुना मद्रास रस्ता थेट कोलारला पोहोचतो. त्या कोलार जिल्ह्यात बंगळूरच्या किदवई कर्करोग संस्थेने १९८० च्या दशकात एक प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांची तीन क्षेत्रे निवडली. एका क्षेत्रातील गावांत चित्रपट, प्रदर्शने आणि व्यक्तिगत भेटी यांच्या द्वारे तंबाखू सोडण्याचा प्रचार केला. उरलेली दोन क्षेत्रे तुलनेसाठी ठेवली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, प्रचार झालेल्या क्षेत्रात तंबाखू घेणाऱ्या पुरुषांपैकी २६.५ टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी ३६.७ टक्क्यांनी ती सोडली. इतरत्र हे प्रमाण एक-दीड टक्क्याच्या आसपास राहिले. लोकांनी स्वतः सांगितलेले हे आकडे आहेत, त्यामुळे काही घट धरावी लागेल. ती धरूनही फरक उरतोच. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा मोठा आहे, याकडे माझे लक्ष विशेष वेधले गेले. तिकडच्या स्त्रिया मुख्यतः पानाबरोबर तंबाखू चघळतात. ‘धूम्रपानविरोधी मोहीम’ असे नाव दिले की त्या आपोआप मोहिमेबाहेर राहतात. महाराष्ट्रात तर हा दोष अधिकच जाणवतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच आढळले. मात्र मशेरी, खर्रा, मावा, गुटखा अशा रूपांत धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. कर्नाटकात ओढणारे ८.८ आणि चघळणारे १६.३ टक्के. म्हणूनच प्रश्न ‘सिगारेट ओढता का?’ असा न विचारता ‘तंबाखू घेता का?’ असा विचारावयास हवा. आपली मराठी क्रियापदे येथे उपयोगी पडतात. ‘घेणे’ या शब्दात ओढणे, चघळणे, लावणे सारेच येते.

इतके हाती असूनही देशात तंबाखू सोडविण्याची सेवा सुरू झाली ती मोठ्या रुग्णालयांतून. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केंद्र शासनाने १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू केली. बंगळूरची निम्हान्स आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही त्यांपैकी दोन. पहिल्या पाच वर्षांत या केंद्रांत ३४ हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली. सहा आठवड्यांनंतर त्यांतील १४ टक्क्यांनी तंबाखू पूर्णपणे सोडलेली होती व २२ टक्क्यांनी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी केलेली होती. काम चांगलेच होते, आणि पुढील सर्व प्रशिक्षणसाहित्य याच अनुभवातून तयार झाले. तथापि २००९-१० च्या सर्वेक्षणानुसार देशात तंबाखू घेणारे प्रौढ होते २७ कोटींहून अधिक. शिवाय निम्हान्समध्ये व्यसनोपचारासाठी जावयाचे म्हणजे आधी आपण व्यसनी आहोत हे स्वतःशी मान्य करावयाचे. रोज चार विड्या ओढणारा गवंडी स्वतःला व्यसनी समजत नाही, आणि एका फेरीसाठी दिवसाची मजुरीही बुडवीत नाही.

२००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम आला. पहिल्या टप्प्यातील नऊ राज्यांत कर्नाटक होते. जिल्हा पातळीवर कक्ष, समुपदेशक, शाळांतील कार्यक्रम, कायद्याची अंमलबजावणी आणि तंबाखू सोडविण्याची सेवा अशी कामे त्यात एकत्र गुंफली होती. एका कक्षाकडे पाच कामे दिली की कोणते काम आधी होते, हे शासकीय सेवेत राहिलेल्यांस सांगावे लागत नाही. ज्याची पावती फाडता येते ते आधी होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास दंडाची तरतूद २००३ च्या कायद्याने केली, २००८ च्या नियमांनी ती अधिक नेमकी झाली, आणि त्यानंतर दर महिन्याच्या आढावा बैठकीत किती पावत्या, किती रक्कम, हा तक्ता ठरून गेला. किती जणांनी तंबाखू सोडली, हे सांगावयाचे तर तीन महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा भेटावे लागते. मासिक तक्त्यात हे बसत नाही.

येथे इंग्लंडशी तुलना करण्याचा मोह होतो. तेथील मराठी वाचकांना ही व्यवस्था परिचयाची असेल. १९९८ च्या श्वेतपत्रिकेनंतर १९९९ पासून तेथे धूम्रपान सोडविण्याची स्थानिक सेवा सुरू झाली आणि २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचे काम स्थानिक परिषदांकडे आले तेव्हा ही सेवाही त्यांच्याकडे गेली. सोडण्याची तारीख ठरलेल्या प्रत्येक माणसाची चार आठवड्यांनी चौकशी करावयाची, शक्य तेथे श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजावयाचा, आणि परिषदेने तो आकडा कळवावयाचा, अशी तेथील रीत आहे. पैसा कमी झाला तेव्हा अनेक परिषदांनी या सेवेवरच प्रथम कात्री चालविली, हेही खरे. तरी ती कात्री कोठे चालली हे आकड्यांवरून दिसते, कारण आकडा ठेवलेला असतो.

बंगळूरने कायद्याच्या बाजूला खरोखर चांगले काम केले. शहरातील सार्वजनिक जागा धूरमुक्त करण्याच्या प्रयत्नांबद्दल मार्च २०२३ मध्ये लंडनला झालेल्या आरोग्यदायी शहरांच्या परिषदेत बंगळूरचा गौरव झाला. कर्नाटकाने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून दंड २०० रुपयांवरून १,००० रुपये केला, तंबाखू विकत घेण्याचे किमान वय १८ वरून २१ केले आणि हुक्का पार्लरांवर बंदी आणली. २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून ही दुरुस्ती अमलात आली. या उपायांना मी कमी लेखीत नाही. ज्या कार्यालयात धूर नाही तेथे सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू होण्याची शक्यता कमी, हे उघड आहे. परंतु दंड भरून बाहेर पडलेला माणूस कोठे जातो, हे महादेवपुऱ्यात कोणासही दिसते : कंपनीच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर.

या महादेवपुऱ्याचा प्रशासकीय इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण आरोग्यसेवेचा घोळ त्यातच आहे. व्हाइटफील्ड ही १८८२ च्या सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर वसलेली शेतकऱ्यांची वसाहत. १९९० च्या दशकात तेथे आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान आले आणि आसपासच्या खेड्यांचे रूप पालटले. महादेवपुऱ्याला स्वतःची नगरपरिषद होती; २००७ मध्ये ती इतर सहा नगरपरिषदा, एक नगरपंचायतवजा संस्था आणि शंभरावर गावे यांच्यासह बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाली. जुन्या शहरात महापालिकेची प्रसूतिगृहे आणि दवाखाने होते. बाहेरच्या या भागात होती ती राज्य शासनाची, ग्रामीण मापाने आखलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे. ग्रामीण केंद्राचे प्रमाण ३०,००० लोकसंख्येस एक. २०१३ च्या नागरी आरोग्य अभियानाने शहरासाठी ते ५०,००० धरले. पण येथील लोकसंख्या ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने केंद्रे वाढणे शक्यच नव्हते. २०२२ च्या अखेरीस राज्यात ‘नम्म क्लिनिक’ योजना सुरू झाली आणि बंगळूरच्या २४३ प्रभागांत प्रत्येकी एक दवाखाना काढण्याचे ठरले. नम्म म्हणजे आपला. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण रक्तदाब व मधुमेह यांच्या तपासणीसाठी माणूस या दवाखान्यात पुन:पुन्हा येतो, आणि तंबाखूचा प्रश्न विचारण्यास पुन्हा येणाऱ्या रुग्णासारखा रुग्ण नाही.

प्रश्न आता कागदावर आलेलाही आहे. असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जो तक्ता भरते, त्यात तंबाखूचा रकाना आहे. कधीच न घेणाऱ्यास शून्य, पूर्वी वा अधूनमधून घेणाऱ्यास एक, रोज घेणाऱ्यास दोन गुण. वय, कमरेचा घेर, मद्य, व्यायाम, कुटुंबातील आजार यांच्या गुणांत ते मिळवितात आणि बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या व्यक्तीस तपासणीसाठी प्राधान्याने पाठवितात. हा तक्ता बारकाईने पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. तंबाखूचे दोन गुण रक्तदाब आणि साखर मोजण्याच्या रांगेत नेऊन उभे करतात. तंबाखू सोडविण्याच्या रांगेत नेतातच असे नाही. दुसरी गोष्ट, हा तक्ता तीस वर्षे आणि त्यावरील व्यक्तींचा आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात रोज तंबाखू घेणारे सरासरी १८.९ व्या वर्षी सुरुवात करताना आढळले. बांधकामावरचा बावीस वर्षांचा मुलगा आणि संगणक कंपनीतला पंचवीस वर्षांचा मुलगा, दोघेही या रकान्याबाहेर आहेत. पहिल्याचे घर पत्र्याच्या शेडमध्ये, दुसऱ्याचे संकुलाच्या फाटकामागे. आशा कार्यकर्तीला दोन्हीकडे सहज प्रवेश नसतो, आणि दोघांचाही पत्ता वर्षभरात बदलतो.

औषधाची बाजू तुलनेने सोपी आहे. निकोटीनची तलफ पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरते. या काळासाठी निकोटीनयुक्त च्युइंगगम वा पट्ट्या उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये आणि भारताने २०२२ मध्ये हा उपचार आवश्यक औषधांच्या यादीत घेतला. यादीत नाव येणे आणि केंद्राच्या कपाटात पाकीट येणे यांत मागणीपत्र, दरकरार आणि पुरवठा असे तीन मुक्काम असतात. २०१८ मध्ये भारतीय दंत परिषदेने सर्व दंतमहाविद्यालयांना तंबाखूमुक्ती केंद्र चालविण्यास सांगितले. दातांच्या डॉक्टरला तंबाखूचा डाग विचारण्याआधीच दिसतो, त्या दृष्टीने ही योजना मला फार समंजस वाटली.

राहिला पाठपुरावा. तुमकूरच्या गावकऱ्याचा पत्ता स्थिर होता. महादेवपुऱ्याच्या मजुराचा नाही. इमारत पूर्ण झाली की तो सर्जापूरला किंवा थेट ओडिशाला जातो. येथे दूरध्वनीची सेवा कामास येते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत २०१६ मध्ये राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंगळूरची निम्हान्स, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि गुवाहाटीचे कर्करोग रुग्णालय येथे तिच्या शाखा निघाल्या. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशक माणसाशी बोलून सोडण्याची तारीख ठरवितो, आणि पुढे ठरलेल्या दिवशी तोच उलट फोन करतो. पत्ता बदलला तरी फोनचा क्रमांक बहुधा तोच राहतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. परंतु टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. कर्नाटकाने सुट्या विक्रीस २०१७ मध्ये मनाई केली, महाराष्ट्राने २०२० मध्ये. टपरीवरचा डबा मात्र उघडाच असतो. तेव्हा तो क्रमांक माणसापर्यंत पोहोचविण्याचे काम शेवटी केसपेपरवर लिहिणाऱ्या हातावरच येते. डॉक्टरांनी वा परिचारिकेने रुग्णाच्याच फोनवरून तेथल्या तेथे पहिला फोन लावून दिला, तर त्यास दोन मिनिटे पुरतात.

सप्टेंबर २०२५ पासून बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या असून महादेवपुरा आणि के. आर. पुरम हे भाग बंगळूर पूर्व महापालिकेत गेले आहेत. तंबाखू नियंत्रणाचा कक्ष जिल्ह्याचा, दवाखाना महापालिकेचा, दूरध्वनी सेवा केंद्र शासनाची, अशी ही विभागणी आहे. नव्या महापालिकेने तक्ते नव्याने आखावयास घेतले असतील, तर दंडाच्या पावत्यांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने मावतात : या महिन्यात किती जणांस तंबाखूविषयी विचारले, आणि तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी सोडण्याची तारीख ठरविली होती, त्यांपैकी किती जणांशी पुन्हा बोलणे झाले. महादेवपुऱ्यातील मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगावयाची राहिली. दूरध्वनी सेवेवर भाषा निवडता येते, आणि मराठीत बोलणारे समुपदेशकही तेथे आहेत.